मुक्या ‘ह’ने सुरू होणारं क्रियापद

फोन सकाळी आला. मुलुंडच्या घरात मी नुकताच पेपर उघडून बसलो होतो. पलीकडून जयंत बोलत होता, नलूताईंचा भाचा, सख्ख्या भावाचा मुलगा. “काका, आत्या गेली,” तो म्हणाला. “पहाटे, झोपेतच.” मला विचारायचं होतं, किती वाजता नेणार? पण ‘कि’वरच जीभ अडकली ती सुटेना. ऐंशीच्या घरात आलो तरी फोनवर माझं असंच होतं. दुसरा कोणी असता तर दोनदा ‘हॅलो’ म्हणून त्याने फोन ठेवला असता. जयंतने मला प्रश्न पूर्ण करू दिला आणि मगच तो म्हणाला, “अकराला. पण तुम्ही सावकाश या.” नलूताईंनी नव्वदी ओलांडली होती. वाईट वाटण्यासारखं काही नाही, असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो. त्याला आता महिना झाला, आणि रोज काही ना काही आठवतंय.

मी मूळचा भोईवाड्यातला. वडील फोर्टातल्या एका पेढीत आवक-जावकचे कारकून होते. मी लहानपणापासून तोतरा. चाळीत मधू नावाची तीन मुलं होती, त्यामुळे मला ओळखण्यासाठी ‘तोतरा मधू’ म्हणत. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता, पण माझं स्वतःचं नाव ‘म’ने सुरू होतं आणि नेमका ‘म’च मला सगळ्यात जड जायचा. मॅट्रिकला चांगले मार्क होते, इंटरही झालो. पुढे नोकरीसाठी मुलाखतींना जाऊ लागलो आणि पहिल्याच प्रश्नाला गाडं रुतायचं, कारण पहिला प्रश्न नावाचाच असे. समोरचे साहेब आधी हसू दाबायचे, मग दया करायचे, मग खिडकीबाहेर बघायचे. त्या दयेचाच मला जास्त राग यायचा. घरी आलो की आई काही विचारत नसे, ताट वाढायची. हळूहळू मी बोलणंच कमी केलं. दुकानात गेलो तर बोटाने दाखवायचो.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. परळ-लालबागला रोज कुठे ना कुठे सभा असायची, आणि मी मोर्चात जायचो. माझ्या वडिलांनी एकदा रस्त्याच्या कडेला उभं राहून मला पाहिलं. हजार माणसांबरोबर मी ‘झालाच पाहिजे’ म्हणत होतो, खणखणीत, एकही अक्षर न अडता. माझ्या ते कधी लक्षातच आलं नव्हतं. सगळ्यांबरोबर, तालात, मी अडखळत नसे. एकट्याने बोलायची वेळ आली की कुलूप. वडिलांनी हे दुसऱ्या दिवशी पेढीत सहज सांगितलं, आणि ज्यांना सांगितलं त्या नलूताई. पेढी दक्षिण अमेरिकेतून सोरा आणि कातडी कमावण्याचा अर्क मागवायची. तिकडून येणारी स्पॅनिश पत्रं वाचणं आणि त्यांची उत्तरं टाइप करणं हे त्यांचं काम. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “रविवारी त्याला गिरगावात पाठवा.” कशासाठी, हे वडिलांनी विचारलं नाही. बाईंना उलट विचारायची पेढीत कोणाची प्राज्ञा नव्हती.

नलूताई तेव्हा तिशीच्या जरा पुढे असतील. पाठारे प्रभूंचं जुनं घराणं. एके काळी जमिनी होत्या, त्या केव्हाच गेल्या होत्या, राहिला होता तो बोलण्यातला एक ठसका आणि तिसऱ्या मजल्यावरच्या प्रशस्त खोल्या. घरात आई, भाऊ, आणि रविवारी पापलेटाच्या भुजण्याचा वास. त्या उंच होत्या, नऊवारी सोडून पाचवारी नेसणाऱ्या घरातल्या पहिल्या, आणि चष्म्याच्या वरून बघायच्या. त्यांनी मला बसवलं, नाव विचारलं नाही. पाटीवर रोमन लिपीत एक शब्द लिहिला आणि म्हणाल्या, “हे स्पॅनिश क्रियापद. अर्थ, बोलणे. वाच.” मी मनात वाचलं, ‘हाब्लार’, आणि ‘ह’वर अडकणार म्हणून आधीच घाम फुटला. त्यांनी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. “हा ‘ह’ नुसता लिहायचा असतो. स्पॅनिशमध्ये तो मुका आहे. बोलणे या क्रियापदाचं पहिलंच अक्षर बोलत नाही... आणि तरी त्या लोकांचं सगळं नीट चाललंय. म्हण, आब्लार.”

मी म्हटलं. मग त्यांनी टेबलावर बोटांनी ताल धरला आणि आम्ही दोघांनी मिळून वर्तमानकाळ म्हटला. आब्लो, आब्लास, आब्ला. आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो. आम्ही, तुम्ही, ते. दहा-बारा वेळा झाल्यावर त्या हळूच थांबल्या आणि मी एकटाच म्हणत राहिलो. ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी दचकून थांबलो. त्या काहीच घडलं नाही अशा आवाजात म्हणाल्या, “हे नियमित क्रियापद आहे. शेवटचा ‘आर’ काढला की मूळ धातू उरतो. तो हलत नाही. पुढचे प्रत्यय तेवढे बदलतात. हे एक आलं की तुला हजारो आली. आता खाली जाऊन माझ्या आईसाठी पानं घेऊन ये. बोटाने दाखवलीस तरी चालेल.” मी बोटाने दाखवूनच आणली.

त्यांचं स्पॅनिश कॉन्व्हेंट शाळेतल्या एका सिस्टरकडून आलेलं. सिस्टर स्पेनच्या, तिकडे युद्ध पेटलेलं, घरून काही कळत नाही. मधल्या सुट्टीत त्यांना कोणाशी तरी आपल्या भाषेत बोलायचं असायचं, आणि समोर ही एक मुलगी बसलेली असायची जिला खेळायला जायची परवानगी नव्हती. नलूताईंना शाळेत असतानाच मधुमेह झाला होता. रोज दोनदा इन्सुलिनचं इंजेक्शन, तेही काचेच्या सिरिंजने, उकळून, स्पिरिट लावून. त्यापायी लग्नाचं कोणी विचारलं नाही, किंवा विचारून परत गेले. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, माझ्या आईकडून कळलं. त्यांच्या बोलण्यात कुठेही ती खंत नसे. सिस्टरांची आठवण काढताना मात्र आवाज मऊ व्हायचा.

भूतकाळाला आलो तेव्हा मी गोंधळलो, कारण स्पॅनिशात साधे भूतकाळच दोन. नलूताईंनी मराठी व्याकरणाचा आधार घेतला. “आब्लाबा म्हणजे बोलत असे, बोलायचे. आपला रीती भूतकाळ. माझे वडील रोज गॅलरीत बसून जमिनींबद्दल बोलायचे. कधी सुरू केलं, कधी संपलं, पत्ता नाही. आणि आब्लो, शेवटच्या ‘ओ’वर जोर देऊन, म्हणजे बोलला. एकदा, आणि झालं. मी नोकरी करू का म्हणून विचारलं तेव्हा वडील एकदाच बोलले, ‘कर.’ ” मग त्यांनी मला ‘आब्लो’ दोन्ही तऱ्हांनी म्हणायला लावलं. जोर पहिल्या अक्षरावर असला तर ‘मी बोलतो’, शेवटच्या अक्षरावर असला तर ‘तो बोलला’. शब्दाच्या तोंडाशी जोर लावून लावून मी आयुष्यभर दमलो होतो. जोर शेवटीही देता येतो हे मला नवीन होतं. भविष्यकाळ तर त्या हसतच शिकवायच्या. आब्लारे, आब्लारास, आब्लारा... अख्खं क्रियापद तसंच ठेवायचं आणि शेपूट जोडायचं. “भविष्यकाळात काही मोडावं लागत नाही बघ,” त्या म्हणायच्या. आणि ‘तू’ला एक रूप, आदराने ‘आपण’ म्हणायचं तर वेगळं, हे सांगताना म्हणायच्या की या बाबतीत आपलं आणि त्यांचं गोत्र एक आहे.

चाळीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. आमच्या शेजारचे तात्या, गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम, चळवळीचे कट्टर कार्यकर्ते, वडिलांना म्हणाले की इथे मराठीसाठी आपण लाठ्या खातोय आणि तुमचा मुलगा गिरगावात जाऊन कुठली तरी फिरंगी भाषा घोकतो. मी ते नलूताईंना सांगितलं, तुटक तुटक. त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, “तात्यांना सांग, याला मराठीच बोलायची आहे. ती सरळ रस्त्याने येत नाही म्हणून जरा वळसा घालतोय.” मी ते तात्यांना सांगू शकलो नाही, अर्थातच. मग जानेवारीत गोळीबार झाला, संचारबंदी आली, आणि आमच्या मागच्या चाळीतला दत्तू गेला. माझ्याहून वर्षभराने मोठा. मोर्चात माझ्या शेजारी उभा राहायचा. संचारबंदी उठल्यावरच्या रविवारी मी गिरगावात गेलो. नेहमीप्रमाणे म्हणायला लागलो आणि ‘तो बोलला’पाशी थांबलो. अडखळलो नव्हतो, थांबलो होतो. नलूताईंना दत्तूबद्दल वडिलांकडून कळलं होतं. त्यांनी पाटी पुसली. म्हणाल्या, “आज भूतकाळ नको.” आम्ही गॅलरीत जाऊन उभे राहिलो. खाली रस्त्यावर काचा पडल्या होत्या आणि एक बाई त्या झाडून गोळा करत होती.

काळ संपले आणि अर्थ सुरू झाले. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ, शाळेत घोकलेली ही नावं मला तिथे पहिल्यांदा कळली. आब्लारिया, मी बोललो असतो... हे रूप मला फार सोपं गेलं. मुलाखतीहून घरी येताना सगळा रस्ता मी त्याच अर्थात चालायचो. नलूताई मात्र त्यावर फार रेंगाळू देत नसत. त्यांना आवडायचं ते पुढचं. “आब्लास, तू बोलतोस. आता ‘आ’चा ‘ए’ कर. आब्लेस. तू बोलावंस. जे अजून झालेलं नाही, पण व्हावं असं कोणाला तरी मनापासून वाटतं, त्याचं हे रूप. ते एकटं उभं राहत नाही. त्याच्या आधी वाटणारं माणूस लागतं.” मग त्यांनी पूर्ण वाक्य सांगितलं, “क्येरो के आब्लेस. तू बोलावंस असं मला वाटतं.” मला ते उदाहरण वाटलं. वाक्यातली ‘मी’ खरोखरची होती, हे जिना उतरताना लक्षात आलं.

पुढे सत्याग्रहाची लाट आली तेव्हा नलूताईही निघाल्या. आईने विरोध केला, भावाने इंजेक्शनची आठवण करून दिली, त्या म्हणाल्या, “सकाळचं घेतलंय, संध्याकाळच्या आत येते.” आल्या नाहीत. मी शिकवणीला गेलो तर घरात धावपळ. परळच्या बाजूला बायकांच्या तुकडीला धरलं असल्याचा निरोप आला होता, आणि भाऊ नेमका पुण्याला. आईंनी स्टीलची डबी माझ्या हातात दिली. आत सिरिंज, इन्सुलिनची बाटली, कापूस, स्पिरिट. “तू तिकडचाच आहेस,” त्या म्हणाल्या. “तिला हे पोचव रे बाबा. जेवणाआधी घ्यायलाच हवं तिला.” मी ट्रामने निघालो. वाटेत मनात वाक्य जुळवत होतो, पुन्हा पुन्हा, आणि ते दर वेळी पहिल्याच अक्षरावर फुटत होतं.

चौकीच्या व्हरांड्यात पंचवीसेक बायका बसल्या होत्या, गिरणीतल्या, चाळीतल्या, दोन-तीन शाळामास्तरणी. नलूताई खांबाला टेकल्या होत्या. चेहरा उतरलेला, ओठ कोरडे. मी दाराशी गेलो. हवालदाराने डबी उघडली आणि स्पिरिटचा वास आला. ते दारूबंदीचे दिवस. त्याने डबी नाकाशी नेली, माझ्याकडे पाहिलं. “हे काय आहे?” मी तोंड उघडलं. ‘इ’... आणि पुढे काही नाही. मान ताणली गेली, डोळे मिटले. “पिऊन आलाय साहेब,” तो आत वळून म्हणाला. फौजदार उठून आले. दिवसभराचे दमलेले, टोपी काढून ठेवलेली. “नाव काय तुझं?” नेमका तोच प्रश्न. त्यांनी डबी जप्त करायची खूण केली.

नलूताई दहा पावलांवर होत्या. एक वाक्य बोलल्या असत्या तर काम झालं असतं. त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि रविवारच्याच आवाजात म्हणाल्या, “आब्लार. वर्तमानकाळ. सुरू कर.”

फौजदार त्यांच्याकडे बघत राहिले. मी तळहाताने मांडीवर ताल धरला. आब्लो, आब्लास, आब्ला. हवालदार एक पाऊल मागे सरला. आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. व्हरांड्यातलं बोलणं थांबलं. श्वास सुटला होता, तो तसाच ठेवून, त्याच तालात मी पुढे म्हणालो, “इन्सुलिनचं औषध आहे, साहेब. त्या बाईंना मधुमेह आहे. जेवणाआधी टोचलं नाही तर त्या बेशुद्ध पडतील. वास स्पिरिटचा आहे, सुई पुसायला. माझं नाव मधुकर. मी प्यायलेलो नाही, मी अडखळतो.”

फौजदारांनी डबी परत माझ्या हातात दिली. स्वतः आतून स्टूल आणलं, पाणी उकळून घ्यायला लावलं आणि बायकांना म्हणाले, जरा आडोसा करा. जाताना त्यांनी मला विचारलं की तो मंत्र कसला होता. मी म्हटलं, “व्याकरण.” त्यांनी मान डोलावली. त्यांना बहुतेक ते पटलं नाही.

काही दिवसांनी नलूताई सुटून आल्या. मी विचारलं, तुम्ही स्वतःच का नाही सांगितलं? त्या पाटी पुसत होत्या. “मी बोलले असते तर मला इंजेक्शन मिळालं असतं,” त्या म्हणाल्या. “तुला काय मिळालं असतं?” आईंना हे कळलं तेव्हा त्या दोघींचं जोरदार भांडण झालं. आईंचंही खरंच होतं.

पुढच्या वर्षी पेढीला स्पॅनिश पत्रव्यवहारासाठी आणखी एक माणूस हवा होता. पारशी साहेबांनी मला बोलावलं. मी नावावर अडखळलो, चांगला बराच वेळ. साहेबांनी पुढ्यातलं पत्र माझ्याकडे सरकवलं आणि मी ते वाचून दाखवलं. नोकरी मिळाली. म्हणजे तोतरेपणा गेला असं कोणी समजू नये. तो गेला नाही. पण मी दुकानात बोटाने दाखवणं सोडलं. अडखळत का होईना, पाव किलो शेंगदाणे मागू लागलो, मागे रांग खोळंबली तरी. पेढीत नलूताईंच्या टेबलासमोर माझं टेबल होतं. मी पत्रात ‘तू’चं रूप वापरलं की त्या चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, “चिलीचा शेठ तुझा लंगोटीयार आहे का रे?”

एक मे साठला त्या पहिल्यांदाच आमच्या भोईवाड्याच्या घरी आल्या, पेढ्यांचा पुडा घेऊन. चाळीला तोरणं, दिवे, ढोल-ताशे. तात्यांनी स्वतः खुर्ची पुसून दिली. नलूताईंनी सगळ्यांना पेढे वाटले, स्वतः एकाचा कणही घेतला नाही. तात्यांना गहिवरून आलं होतं. म्हणाले, इतकी वर्षं घोषणा दिल्या, आता उद्यापासून काय म्हणायचं? नलूताई म्हणाल्या, “ ‘झालाच पाहिजे’चा ‘झाला’ करायचा. तेवढाच प्रत्यय बदलला.” तात्या आधी हसले, मग जिन्याकडे तोंड करून डोळे पुसू लागले. दत्तूचे वडील तेव्हा जिन्यातच उभे होते. नलूताई उठल्या, त्यांच्याजवळ गेल्या आणि त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

मग पुष्कळ वर्षं गेली. पेढी बंद झाली, मी दुसरीकडे लागलो, लग्न झालं, मुलुंडला गेलो. नलूताई त्याच खोल्यांत राहिल्या. कॉलेजची मुलं त्यांच्याकडे स्पॅनिश शिकायला येत, तोतरी आणि न तोतरीही. दिवाळीला मी जायचो. शेवटी डोळे गेले तेव्हा म्हणाल्या, बरं झालं, क्रियापदं ऐकायचीच असतात.

दहाव्यानंतरच्या रविवारी त्यांच्याच खोलीत शोकसभा झाली. हॉल घेऊ नये असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. चाळीसेक माणसं, कोणी सतरंजीवर, कोणी पलंगाच्या कडेवर, काही गॅलरीत उभी. बरीचशी माझ्या अनोळखी. जयंत म्हणाला, “काका, सुरुवात तुम्ही करा.” मी उभा राहिलो. पहिलाच शब्द त्यांचं नाव, आणि ‘न’ अडकला. हात सवयीने मांडीकडे गेला, मनात ‘आब्लो’ सुरूही झालं होतं. मी हात मागे घेतला. या एका नावापर्यंत वळसा घालून जायचं मनात नव्हतं. मी त्या ‘न’वर तसाच उभा राहिलो... पंखा फिरत होता. कोणी घसा खाकरला नाही. कोणी माझ्यासाठी शब्द पुरा केला नाही, कोणी खिडकीबाहेर पाहिलं नाही. त्यातले निम्मे त्यांचेच विद्यार्थी होते, हे मला नंतर कळलं.

“नलूताई,” मी म्हणालो. मग बाकीचं आलं. इथे जे लिहिलंय ते बरंचसं मी त्या खोलीत बोललो, थांबत थांबत, अर्धा-पाऊण तास.

नंतर जयंतच्या बायकोने चहा आणला. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी एक घोट घेतला आणि संकोचून साखर मागितली. ती आत गेली, डबे उघडल्याचे आवाज आले, शेवटी शेजारून वाटी मागवावी लागली. त्या घरात साखर ठेवायची पद्धत कधीच नव्हती. मी माझा कप तसाच संपवला.